अराक्नी अजून उभी आहे

गेल्या सेमिस्टरला आमच्या वर्गात प्रोजेक्टरवर एक चित्र दाखवलं गेलं. पांढऱ्या बैलाच्या पाठीवर एक मुलगी जवळजवळ उताणी पडली आहे. एका हाताने तिने बैलाचं शिंग घट्ट धरलंय, दुसऱ्या हातातलं लाल वस्त्र वाऱ्यावर उडतंय. खाली समुद्र, आणि दूर किनाऱ्यावर ठिपक्यांएवढ्या दिसणाऱ्या तिच्या मैत्रिणी. चित्रकार टिशियन. स्लाइडवर नाव होतं ‘द रेप ऑफ युरोपा’.

नाव वाचून मागच्या बाकांवर थोडी खसखस पिकली आणि मग एकदम शांतता. मॅडमनी समजावून सांगितलं की या जुन्या नावांमध्ये ‘रेप’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘राप्तुस’वरून आलाय, म्हणजे बळजबरीने उचलून नेणं. त्यावर माझी शेजारीण पटकन म्हणाली, “म्हणजे हरण ना, मॅडम? पण सीतेचं की रुक्मिणीचं?”

सगळे हसले, मीपण हसले. पण घरी जाताना बसमध्ये तोच प्रश्न डोक्यात होता. मराठीत ‘हरण’ हा शब्द एकच असला तरी रुक्मिणीने स्वतः निरोप पाठवून कृष्णाला बोलावलं होतं आणि सीतेला रावणाने फसवून नेलं, हे लहान मुलालाही माहीत असतं. मग युरोपाचं काय? झ्यूस बैल होऊन आला, इतका गरीब की तिने त्याच्या शिंगांना फुलं गुंफली, पाठीवर बसली, आणि तो समुद्रात शिरला. ती कुणाच्या पाठीवर बसली आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

माझा आणखी एक प्रश्न होता, आणि तो मी कॅथलिक घरातली असल्यामुळे पडला असावा. अशी चित्रं काढून घेणारे लोक कोण होते? कार्डिनल, आणि स्पेनचे कट्टर कॅथलिक राजे. ज्यांच्या घरी रोज मिस्सा व्हायची, त्यांच्याच भिंतींवर झ्यूस आणि व्हीनस कसे काय? या दोन प्रश्नांचा पाठलाग करता करता मी एका वेगळ्याच चित्रापाशी जाऊन पोहोचले. हा लेख त्या चित्राबद्दल आहे.

कार्डिनलच्या घरी ग्रीक देव

आधी थोडी पार्श्वभूमी. बरोक म्हणजे साधारण 1600 ते 1750 या काळातली युरोपातली कलाशैली. आपल्यापैकी बहुतेकांनी ती नकळत पाहिलेली असते, कारण जुन्या गोव्याची चर्चेस याच काळातली. वळणं, सोनं, नाट्य, अंधारातून अचानक येणारा उजेड, आणि एखादी घटना अगदी ऐन क्षणी पकडणं ही तिची ओळख.

1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने चर्चमधल्या चित्रांबद्दल नियम केले. पवित्र चित्रात काही अशोभनीय नसावं, भाविकांची दिशाभूल होऊ नये, असा त्यांचा रोख होता. पण हे धार्मिक चित्रांपुरतं होतं. महालातल्या दिवाणखान्यात काय टांगायचं हा वेगळा मामला होता, आणि तिथे ग्रीक देवांची चांगलीच चलती होती. रोममध्ये कार्डिनल ओदोआर्दो फार्नेझे यांच्या महालाच्या छतावर अन्नीबाले कर्राची याने 1597 पासून देवांच्या प्रेमकथा रंगवायला घेतल्या. कार्डिनल शिपिओने बोर्गेझे यांच्यासाठी बर्निनीने अपोलो आणि डॅफ्नीचा संगमरवरी पुतळा घडवला.

या देवांवर कुणाची श्रद्धा नव्हती. ते देव कधीच मेले होते, त्यामुळे त्यांची भीती वाटायचं कारण नव्हतं. त्यांच्या गोष्टी म्हणजे शिकलेल्या माणसांची सामायिक भाषा होती, राग, वासना, गर्व, मत्सर यांबद्दल बोलायची. शिवाय प्रत्येक गोष्टीला बोध चिकटवायची सोय होती. बर्निनीच्या त्या पुतळ्याखाली, पुढे पोप आठवे अर्बन झालेल्या माफ्फेओ बार्बेरिनी यांच्या लॅटिन ओळी कोरल्या आहेत. त्यांचा मथितार्थ असा, की निसटत्या सुखाच्या मागे लागणाऱ्याच्या पदरी कडवटपणाच येतो.

बोध चांगला आहे. पण तो आहे पाठलाग करणाऱ्या अपोलोसाठी. जी जिवाच्या आकांताने पळत होती आणि सुटकेसाठी झाड झाली, तिला काय वाटलं याबद्दल त्या ओळींत काही नाही. माझ्या मैत्रिणीचा प्रश्न तिथेच अडकून राहतो.

ओव्हिडची विणकरीण

बरोक चित्रकारांकडे या गोष्टी आल्या त्या मुख्यतः एका पुस्तकातून, रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’मधून. म्हणजे ‘रूपांतरं’. पंधरा भागांचं हे काव्य इसवी सन 8 च्या सुमारास पुरं झालं. त्याच वर्षी सम्राट ऑगस्टसने ओव्हिडला रोममधून काळ्या समुद्राकाठच्या तोमिस गावी हद्दपार केलं. एक कविता आणि एक चूक, एवढंच कारण ओव्हिडने स्वतः लिहून ठेवलंय. तो रोमला परत आलाच नाही.

या काव्याच्या सहाव्या भागात अराक्नीची गोष्ट येते. अराक्नी ही लिडिया प्रांतातल्या एका रंगाऱ्याची मुलगी. बाप लोकर रंगवायचा, आई गेलेली. घराणं, पैसा काही नाही, पण विणकाम असं की बघायला वनदेवता यायच्या. नुसतं कापडच नव्हे, ती कातताना, लोकर पिंजताना, धोटा टाकतानाही लोक बघत राहायचे. सगळे म्हणायचे की हिला अथीनाने शिकवलं असणार, कारण विणकामाची देवता अथीना. अराक्नी म्हणाली, मला कुणी शिकवलं नाही. यावं तिने माझ्याशी पैज लावायला.

अथीना म्हातारीचं रूप घेऊन आली आणि म्हणाली, पोरी, देवीची माफी माग. अराक्नीने तिलाच झापलं. मग अथीना मूळ रूपात प्रकटली, आणि दोघी दोन मागांवर बसल्या.

अथीनाने आपल्या कापडात देवांचं वैभव विणलं आणि चार कोपऱ्यांत देवांशी बरोबरी करू पाहणाऱ्या माणसांना झालेल्या शिक्षा. अराक्नीने काय विणलं? देवांनी रूपं बदलून बायकांना कसं फसवलं, त्याचे वीसेक प्रसंग. बैल झालेला झ्यूस आणि युरोपा, हंस झालेला झ्यूस आणि लीडा, सोन्याचा पाऊस झालेला झ्यूस आणि डॅनी. एकामागून एक, जणू आरोपपत्रच.

ओव्हिड स्पष्ट सांगतो की त्या कापडात दोष काढायला जागाच नव्हती, खुद्द अथीनालाही नाही. म्हणूनच ती चिडली. तिने ते कापड टराटरा फाडलं आणि हातातला लाकडी धोटा अराक्नीच्या कपाळावर हाणला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. अपमान सहन न होऊन अराक्नीने गळ्यात फास अडकवला. तेव्हा अथीनाला जराशी दया आली. तिने तिला मरू दिलं नाही, पण कोळी करून टाकलं. लटकत राहा आणि विणत राहा. जीवशास्त्राच्या पुस्तकात कोळ्यांच्या वर्गाचं नाव ‘अ‍ॅरॅक्निडा’ आहे, ते हिच्यावरूनच.

आमच्या बेळगावात वडगाव-खासबागकडे गेलं की मागांचा खडखडाट रस्त्यापर्यंत ऐकू येतो. धोटा केवढ्या वेगाने जातो हे मी लहानपणी तिथेच पाहिलंय. त्यामुळे ही गोष्ट वाचताना तो कपाळावर बसल्यावर काय होईल, ते मला लगेच कळलं.

चित्रात काय दिसतं

आता मूळ चित्राकडे. दिएगो वेलास्केझ (1599–1660) हा स्पेनचा राजा चौथा फिलिप याचा दरबारी चित्रकार. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत त्याने काढलेलं एक मोठं चित्र माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये आहे. सगळे त्याला ‘लास इलांदेरास’ म्हणतात, म्हणजे ‘सूत कातणाऱ्या बायका’.

पहिल्यांदा पाहिलं तर खरंच तेवढंच दिसतं. अंधारट खोलीत पाच बायका. डावीकडे डोक्यावरून पांढरं फडकं घेतलेली एक म्हातारी चरख्यावर बसली आहे. चरखा इतक्या वेगात फिरतोय की आरे दिसतच नाहीत, नुसती एक चकाकती धूसर गोलाई. साडेतीनशे वर्षांपूर्वी, कॅमेरा नसताना, वेग असा रंगवलाय! मध्ये एक बाई खाली वाकून लोकर साफ करतेय, तिचा चेहरा सावलीत विरून गेलाय. उजवीकडे एक तरुणी आपल्याकडे पाठ करून सुताची लडी गुंडाळतेय. तिचा गोरा, भरदार हात आणि मान, एवढंच आपल्याला दिसतं. जमिनीवर लोकरीचे पुंजके, एक मांजर. राजवाड्यातलं काहीही नाही.

मग नजर मागे जाते. मागे दोन पायऱ्या चढून एक छोटी, उजेडाने भरलेली खोली आहे. तिथे उंची रेशमी कपड्यांतल्या तीन बायका, एक मोठं तंतुवाद्य, आणि भिंतीवर विणलेलं एक भव्य चित्र, टॅपेस्ट्री. तिच्यापुढे दोघीजणी उभ्या आहेत. एकीच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे आणि तिचा हात उगारलेला आहे. ती अथीना. तिच्यासमोरची अराक्नी. आणि त्यांच्या मागच्या टॅपेस्ट्रीवर? पांढरा बैल, उडतं लाल वस्त्र, हवेत तरंगणारी पंखवाली बाळं. आमच्या वर्गातल्या प्रोजेक्टरवर होतं तेच टिशियनचं चित्र!

मी हे पहिल्यांदा मोबाइलवर झूम करून पाहिलं तेव्हा आईला हाक मारून दाखवलं. मम्मा म्हणाली, “पण एवढी मोठी गोष्ट मागे आणि हे सगळं पसाऱ्याचं काम पुढे कशाला?” नेमकं तेच विचारायला हवं होतं.

हरवलेलं नाव

खरं म्हणजे जवळपास दोनशे वर्षं मागची गोष्ट कुणी ओळखलीच नाही. माद्रिदमधल्या सांता इसाबेल टॅपेस्ट्री कारखान्याचं हे दृश्य आहे, कामगार बायका पुढे आणि गिऱ्हाईक बायका मागे, असंच सगळे मानत आले. एकोणिसाव्या शतकात तर कष्टकऱ्यांचं वास्तववादी चित्र म्हणून त्याचं कौतुक झालं.

चित्राचा आकारही बदलला होता. वेलास्केझने रंगवलेला भाग सुमारे 167 बाय 252 सेंटिमीटरचा. नंतर कुणीतरी चारी बाजूंनी पट्ट्या जोडून तो 220 बाय 289 केला. त्यामुळे खोली उंच, कारखान्यासारखी झाली आणि मागचा प्रसंग आणखी लांब, आणखी लहान वाटू लागला.

1948 मध्ये मारिया लुईसा कातुर्ला या संशोधक बाईंनी एक जुनी यादी उजेडात आणली. राजाच्या पदरी असलेल्या पेद्रो दे आर्से नावाच्या गृहस्थाच्या चीजवस्तूंची ती 1664 ची यादी होती, म्हणजे वेलास्केझच्या मृत्यूनंतर चार वर्षांची. तिच्यात वेलास्केझच्या एका चित्राची नोंद होती: ‘अराक्नीची कथा’. त्याच वर्षी दिएगो आंगुलो या कलाइतिहासकाराने चित्रातल्या खुणांवरूनच हाच निष्कर्ष मांडला. आता पुढच्या बायकांकडेही लोक नव्याने पाहू लागले. ती चरख्यावरची म्हातारी म्हणजेच वेश पालटलेली अथीना असावी, असं अनेकांना वाटतं. तिचा उघडा पाय म्हातारीचा दिसत नाही, याकडे ते बोट दाखवतात. मग पाठमोरी तरुणी अराक्नी ठरते.

म्हणजे एकाच चित्रात गोष्टीचे दोन क्षण. पुढे देवी म्हातारीच्या वेशात, हात कामात. मागे तिचं खरं रूप, हात उगारलेला.

तीन चित्रकार, एक बैल

अराक्नीच्या टॅपेस्ट्रीसाठी वेलास्केझने टिशियनचंच चित्र का निवडलं? टिशियनने युरोपा रंगवली ती 1559 ते 1562 च्या दरम्यान, दुसऱ्या फिलिपसाठी, म्हणजे वेलास्केझच्या राजाच्या आजोबांसाठी. ते चित्र तेव्हा माद्रिदच्या राजवाड्यात होतं (आज ते बोस्टनला आहे). 1628 मध्ये फ्लेमिश चित्रकार रुबेन्स राजनैतिक कामासाठी माद्रिदला आला आणि त्या मुक्कामात त्याने या चित्राची मोठी नक्कल केली. तेव्हा तिशीही न गाठलेला वेलास्केझ त्याच्या सहवासात होता. म्हणजे टॅपेस्ट्रीतला तो बैल त्याच्या ओळखीचा होता, राजालाही रोजचा होता.

पुढे रुबेन्सने राजाच्या शिकारी महालासाठी ओव्हिडच्या गोष्टींवर साठाहून जास्त चित्रांची मालिका आखली. तिच्यात अथीना आणि अराक्नीही होत्या. रुबेन्सच्या चित्रात अराक्नी जमिनीवर पडली आहे आणि अथीना तिला मारतेय. त्या चित्राची नक्कल वेलास्केझच्या जावयाने, माझोने केली, आणि ती नक्कल कुठे दिसते माहितीये? वेलास्केझच्या सगळ्यात गाजलेल्या ‘लास मेनिनास’मध्ये, मागच्या भिंतीवर, वर अंधारात टांगलेली. तिच्या शेजारी देव आणि माणूस यांच्यातल्या दुसऱ्या एका चढाओढीचं चित्र आहे. वेलास्केझने 1656 मध्ये स्वतःला कुंचला घेऊन उभं केलं ते या दोन चित्रांच्या खाली.

आता फरक बघा. रुबेन्सने मार दाखवला. वेलास्केझने, त्याच गोष्टीवर स्वतः रंगवायची वेळ आली तेव्हा, हात फक्त उगारलेला ठेवला. अराक्नी उभी आहे. कापड फाटलेलं नाही. कोळी अजून झालेला नाही. बरोक चित्रकार ऐन क्षण पकडतात असं मी वर म्हटलं. इथे त्याने पकडलेला क्षण असा आहे की पुराव्याचं कापड अजून भिंतीवर आहे आणि सगळ्यांना दिसतंय.

हाताचं काम

मम्माच्या प्रश्नाचं उत्तरही मला इथेच कुठेतरी सापडलं. त्या काळच्या स्पेनमध्ये चित्रकला ही कारागिरी मानली जायची, सुतारकामासारखी. चित्रं विकणाऱ्यावर कर होता. वेलास्केझला सांतियागो या सरदारी पंथात प्रवेश हवा होता, आणि त्यासाठी अट अशी की उमेदवाराने पोटासाठी हाताने काम केलेलं नसावं. चौकशी झाली, अनेकांच्या साक्षी झाल्या. वेलास्केझने कधी पैशासाठी चित्रं काढलीच नाहीत, तो राजाच्या सेवेत होता, असं साक्षीदारांनी सांगितलं. त्याच्या घराण्याचं कुलीनपण मात्र सिद्ध झालं नाही आणि शेवटी पोपची सूट घ्यावी लागली. 1659 च्या नोव्हेंबरमध्ये तो पंथात आला, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये वारला.

म्हणजे आपण हाताने कमावत नाही हे ज्या माणसाला कागदोपत्री सिद्ध करायचं होतं, त्याच माणसाने जवळपास त्याच वर्षांत कातणाऱ्या, पिंजणाऱ्या, लडी गुंडाळणाऱ्या बायका चित्राच्या अगदी पुढे आणून बसवल्या. मागच्या खोलीतली झळझळीत टॅपेस्ट्री पुढच्या अंधारातल्या लोकरीतूनच तयार होते. काही अभ्यासक म्हणतात की हे चित्र कलेच्या थोरवीबद्दल आहे: कच्च्या लोकरीपासून टिशियनपर्यंतचा प्रवास. मला ते पटतं. पण त्यासोबत हेही दिसतं, की रंगाऱ्याच्या मुलीच्या हातचं काम त्याने टिशियनच्या तोडीचं ठरवलं. अराक्नी हरली असं त्याला वाटत असतं, तर त्याने तिच्या मागावर टिशियन कशाला विणला असता?

प्रश्न परत वर्गात

वेलास्केझ स्त्रियांच्या बाजूचा होता, असं मला म्हणायचं नाही. तो राजाचा नोकर होता, आणि राजाच्या संग्रहात युरोपाचं हरण हे एक सुंदर, महागडं चित्र होतं. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. पण एक गोष्ट चित्रात उघड दिसते. टिशियनच्या चित्रात युरोपाची गोष्ट चित्रकार राजाला सांगतो. वेलास्केझच्या चित्रात तीच गोष्ट एक मुलगी देवीला सांगते, देवीच्या तोंडावर, आणि त्यासाठी तिला काय भोगावं लागणार आहे हे आपल्याला माहीत असतं. बैल तोच, समुद्र तोच, पण सांगणारी बदलली की चित्राचा अर्थ बदलतो.

आणि कॅथलिक घरांतल्या ग्रीक देवांबद्दल मला आता वाटतं ते असं. संतांच्या चित्रात देव चुकतो असं दाखवता येत नाही, ते बरोबरही नाही. पण बळ असलेला चुकतो, फसवतो, आणि ते बोलून दाखवणाऱ्यालाच शिक्षा करतो, हे तर माणसांच्या जगात रोज घडतं. ते दाखवायला या जुन्या देवांच्या गोष्टी उपयोगी पडल्या. ज्या देवावर श्रद्धा नाही, त्याच्या कृत्यांबद्दल चित्रकार जास्त खरं बोलू शकला.

त्या मागच्या खोलीतल्या तीन बायकांपैकी एकीने मान वळवली आहे. ती अथीनाकडे बघत नाही, टॅपेस्ट्रीकडेही नाही. ती पुढच्या खोलीकडे, आपल्या दिशेने बघतेय. प्रादोच्या वेबसाइटवर हे चित्र मोठं करून बघता येतं. जमलं तर बघा. आधी चरखा बघा, मग मांजर, मग पायऱ्या चढून मागे जा आणि तिला शोधा. मी माझ्या मैत्रिणीला ते दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “हिला माझ्यासारखाच प्रश्न पडलेला दिसतोय.”